गाडी गप्प केली

१५ एप्रिल

मोहिनी, उशीर झाला, राग मानू नकोस. ही डायरी तू संक्रांतीला दिलीस आणि मी पेन उघडतोय अर्धा चैत्र सरल्यावर. इतके दिवस ती कपाटात तुझ्या आजीच्या नव्या साडीखाली पडून होती. तू म्हणाली होतीस, "आजोबा, जिवाला जो घोर लागतो तो हिच्यात लिहून टाका, म्हणजे झोप लागेल. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही." पण कुणीच वाचणार नसेल तर लिहायचं कुणाला, या विचारातच वेळ गेला. शेवटी ठरवलं, तू वाच नाहीतर नको वाचूस, तुझ्याशी बोलतोय असं समजून लिहावं. शिक्षण सातवी, त्यातही सातवीचा शेवट गुरं राखण्यात गेला. चुका होतील.

तुझ्या आजीला इथं काय म्हणायचं हाही प्रश्न होता. लग्नातल्या उखाण्यानंतर मी तिचं नाव कुणापुढं घेतलेलं नाही. पण कागदाला कान नसतात. म्हणून लंका लिहितो.

घोर असा आहे. काल लंकाला मंचरहून कानाचं मशीन आणलं. डॉक्टर म्हणाले, दिवसभर लावून ठेवा, कानाला सवय होऊ द्या, काढून ठेवाल तर कधीच जमणार नाही. दवाखान्यात तिला सगळं ऐकू आलं. बाहेर झाडावर कावळा ओरडला तर हसली. मग आमच्या जुन्या व्हॅनमध्ये बसलो आणि मी चावी फिरवली. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. घोडेगाव यायच्या आत मशीन काढून पदराच्या गाठीत बांधलं.

"डोक्यात गिरण फिरती," म्हणाली. "नगं मला हे."

घरी आल्यावरही लावलं नाही. अंबाबाईंना, म्हणजे तिच्या मढच्या थोरल्या बहिणीला, भेटायला जायचं म्हणून तर मशीनची घाई केली होती. अंबाबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला आहेत, आवाज बारीक झालाय. मागच्या वेळी त्या बोलत होत्या आणि लंका नुसती मान हलवत होती. परतताना मला विचारलं, काय म्हणाली गं ती? मला "गं" म्हणाली, इतकी गोंधळली होती.

१७ एप्रिल

व्हॅनचा आवाज आहे हे खरं. हिचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच. वर सीट, मध्ये पत्रा, खाली इंजिन. जुनी झाली तशी पत्र्यांनाही तोंड फुटलं. आज मी सगळी गाडी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. दार वाजवलं, टण. छत वाजवलं, टण. मागचा तळ तर ताशासारखा वाजतो.

मलाही या आवाजाचा त्रास आहे, तो मी कुणाला बोललो नाही. पाडव्याच्या आधी घोडेगावात एका बाईची भाजीची पाटी गाडीला लागली. ती ओरडत होती म्हणे, मला ऐकूच आलं नाही. त्याआधी पुलाच्या कठड्याला गाडी घासली. एवढ्या खडखडाटात माणसाचं ध्यान राहत नाही. गाडी शांत असती तर दोन्ही गोष्टी टळल्या असत्या.

तेव्हा ठरवलं, गाडी गप्प करायची. हिच्या कानासाठी आणि माझ्या ध्यानासाठी. तुझा बाप ज्ञानेश्वर फोनवर म्हणतो, बाबा गाडी विका. तो राहतो चाकणला, त्याच्या दारात रिक्षा उभी असते. डिंभ्याला एसटी आली तर आली. धरणाच्या पाण्याकडं बघत स्टँडवर बसायचं आणि गाडी आली नाही की उठून घरी यायचं. हे त्याला काय सांगायचं.

२० एप्रिल

मोहिनी, आज तुझा फोन आला. डोळ्यांत थेंब टाकता का विचारलंस. हो म्हणालो.

मागं घोडेगावच्या शिबिरात डोळ्यात दाब आहे म्हणून थेंब दिले होते. दाब रक्तात असतो हे ऐकलं होतं, डोळ्यात कसला? थेंब टाकले की चरचरतात, आणि डोळा तर अजिबात दुखत नाही. दुखत नसलेल्या डोळ्याला चरचर कशाला लावून घ्यायची म्हणून दिवाळीत बंद केले. इथं खरं लिहायला हरकत नाही.

२१ एप्रिल

काम झालं. कुणाला विचारावं लागलं नाही, वस्तू घरातच होती. पावसाच्या आधी आमच्याकडं प्रत्येक पत्र्यावर गळतीची पट्टी बसते. एका अंगाला डांबर, दुसऱ्या अंगाला चांदीसारखा कागद. तिचे रोल माळ्यावर पडलेले होते. मॅट काढली, पत्रा पुसला आणि तळ, बाजू, छत सगळीकडं आतून पट्टी मारली. मग परत पेरानं वाजवलं. टण गेलं. थप आला. ओल्या भिंतीवर हात मारावा तसा.

शेजारचा जानकू जाळं खांद्यावर टाकून तळ्याकडं निघाला होता. थांबून आत डोकावला.

"सावळ्या, गाडी गळती का रं?"

"आवाज गळतो," मी म्हणालो.

"मग आनखी एक पट्टी लाव की. तुज्या तोंडाला."

जानकू माझ्या वयाचा आहे, त्याला काय बोलणार. मला गाडीत बडबडायची सवय आहे, त्यावरून बोलला तो. डिंभे-घोडेगाव सवाऱ्या भरून वडापची जीप चालवायचो तेव्हापासूनची आहे. जे घरात बोलता येत नाही, देवळात बोलता येत नाही, ते मी स्टिअरिंगशी बोलतो. इंजिनापुढं कुणाला ऐकू जातं? मन हलकं होतं.

२४ एप्रिल

लिहायला लाज वाटते.

घोडेगावला दुपारचं लग्न होतं. मी, लंका आणि मागच्या सीटवर जानकू. जानकूनं पांढरी टोपी, परीटघडीचा सदरा घातलेला. गाडी सकाळपासून उन्हात उभी. दार उघडलं तेव्हाच डांबराचा वास आला, पण मी म्हटलं नवीन आहे, जाईल. लंका नाकाला पदर लावून बसली. मशीन तिनं आणलंच नव्हतं.

शिनोलीच्या पुढं मागून जानकूचा आवाज आला, "आरं थांब, थांब." गाडी बाजूला घेतली. छताची एक लांब पट्टी सुटून त्याच्या टोपीवर, मानेवर अशी चिकटून बसली होती. ओढली तर टोपी गेली, टोपीबरोबर थोडे केसही गेले.

"लग्नात लोकं फेटा बांधत्यात," जानकू म्हणाला. "तू मला डांबर बांधलं."

मांडवात तो पट्टीचं काळं कपाळावर घेऊनच बसला आणि विचारेल त्याला सांगत होता, ही सावळेरामाची नवी गाडी, एसीचं नाही, डांबराचं गार लागतं हिच्यात. लंकाच्या साडीला डाग पडला तो निराळाच. पत्र्यावर ती पट्टी उन्हात वरून तापते आणि चिकटते. गाडीत ती छताला खालून लटकते. एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

निघताना मांडवाच्या खांबाला गाडी लागली. पोरांनी मांडव रस्त्यातच घातला होता.

२६ एप्रिल

दोन दिवस पट्टी खरवडतोय. पेट्रोलनं पुसतोय. डोकं दुखतं. लंका काही बोलत नाही, पण ताट आपटून ठेवते. ते आपटणं तिला ऐकू येत नाही, मला येतं.

२९ एप्रिल

छत आणि तळ राहू दे. रात्रभर विचार केला, खरा आवाज दारांतून येतो. दार आतून पोकळ आहे, डबा आहे. डब्यात काहीतरी भरलं की डबा वाजत नाही. कणगी रिकामी असली तर घुमते, भरली की गप्प.

गिरणीतून भाताचं तूस आणलं. पूर्वी बर्फाच्या लाद्या तुसातच यायच्या, इतकं ते भरीला चांगलं. दारांची आतली पुठ्ठ्याची फळी काढली आणि चारही दारांत तूस ठासून भरलं. आता दार लावलं की धप असा जड आवाज येतो, मोठ्या लोकांच्या गाडीसारखा. काच खाली होत नाही एवढंच. काच खाली करून तरी काय, धूळच येते.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. गाडी पाइप लावून धुतली, हार घातला.

६ मे

मोहिनी, हे तू ज्ञानेश्वरला सांगू नकोस.

सकाळी जानकूनं हाक मारली. व्हॅनच्या दारापाशी उकिडवा बसला होता. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, त्यांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. तुसात काही दाणे साबूत राहिलेले असणार. अक्षय तृतीयेला गाडी धुतली तेव्हा काचेच्या फटीतून पाणी आत गेलं.

"सावळ्या, रोप चांगलं उतरलंय," जानकू म्हणाला. "लावनी कवा? बाया सांगाया लागत्याल."

वाडीतले चारजण येऊन बघून गेले. एकानं फोनमध्ये फोटो काढला. लंकाही आली. बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली, पदर तोंडाला लावून, खाली बसून. किती दिवसांनी हसली. मला राग आला आणि बरंही वाटलं.

मग म्हणाली, "अवं, माज्या कानासाठी गाडीची शेती नगा करू. ऱ्हाऊ द्या. मला काय नाय ऐकू आलं तरी चालतंय."

हे मात्र मला बरं वाटलं नाही.

दुपारभर दारांतून ओलं तूस उपसलं. आंबूस वास येतो. एका दारात उंदीर होता.

९ मे

मढहून अंबाबाईंच्या सुनेचा फोन. म्हातारी दोन घास खाते, जास्त नाही. सारखी म्हणते, लंकीला आणा, तिच्याशी बोलायचंय. मी लंकाला ओरडून सांगितलं. तिनं ऐकलं. मग कपाटातून मशीनची डबी काढली, उघडली, बघितलं आणि परत ठेवली. घरात लावते कधीकधी, पण मढपर्यंत डोक्यात ती गिरण घेऊन बसायचं आणि पोचेपर्यंत डोकं उठलेलं, मग बोलणार काय. आणि तिथं जाऊन लावायचं तर सवय नाही, सगळा गलबला ऐकू येतो.

सुनील, जानकूचा मुलगा, म्हणाला, "तात्या, नारायणगावला गाड्यांच्या आतलं काम करनारा एक हाय. चांगदेव. हे काम त्याचं हाय, तुमचं न्हाय."

जावं म्हणतो. हा शेवटचा प्रयत्न.

११ मे

नारायणगावला जाऊन आलो. जाताना हायवेला एक मोटारसायकलवाला डावीकडून कुठून उगवला कळलं नाही. शिवी देऊन गेला. आजकालची पोरं अशीच.

चांगदेव तरुण आहे, सीटकव्हरं, मॅट, टेप बसवतो. बोलतो फार. त्यानं गाडीत डोकं घातलं, वास घेतला.

"बाबा, हितं काय शिजवलं व्हतं?"

सगळं सांगावं लागलं. त्यानं कामावरच्या माणसांना हाका मारून बोलावलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. हसले, पण चहा पाजला.

मग कामाचं बोलला. डांबराचं नाही, रबराची शीट असते, ती उन्हात ओघळत नाही. पत्रा थिनरनं पुसून घ्यायचा, शीट रोलरनं दाबून बसवायची, खाली हवा राहिली तर परत वाजतं. सीटखालच्या पत्र्याला जाड शीट आणि वर उष्णता अडवणारा फोम. दारांत शीट लावायची, पण खालची भोकं मोकळी ठेवायची. "नाहीतर परत भात," म्हणाला. आणि दारांची रबरं सगळी बदलायची, निम्मा आवाज तिथूनच येतो. गाडी पार मुकी होणार नाही, पण बसल्या जागी बोललेलं ऐकू येईल.

निघताना गाडीभोवती एक चक्कर मारली त्यानं. डाव्या बाजूला थांबला. पुढून मागपर्यंत हात फिरवला.

"बाबा, उजवी बाजू नवरीसारखी. डावीनं कुनाचं घोडं मारलंय?"

"रस्ते अरुंद आहेत," मी म्हणालो.

"रस्त्याला दोन बाजू असत्यात, बाबा."

मी म्हटलं, ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डावीकडचं त्याला कमीच समजतं, त्यात आवाज. तो माझ्याकडं बघत राहिला, मग बरं म्हणाला. गाडी ठेवून आलो. परतीला मंचरपर्यंत एसटी मिळाली, पुढं घोडेगाव, तिथं दिवस मावळला. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून डिंभ्याला आलो. गाडी नसली तर आमचं काय होईल ते कळलं.

१४ मे

गाडी आणली.

खरं सांगतो, पहिल्यांदा भीतीच वाटली. चावी फिरवली, इंजिन चालू झालं की नाही कळेना, म्हणून परत फिरवली. आत किर्र असा घासल्याचा आवाज झाला. चांगदेव बाहेरून म्हणाला, "बाबा, चालू हाय, मारू नका तिला."

हायवेला लागलो तर गाडी रस्त्यावरून जातेय की रस्ता गाडीखालून, असं वाटलं. जुन्या गाडीत प्रत्येक आवाज ओळखीचा होता. टायर कोणत्या रस्त्यावर आहे, गिअर कधी बदलायचा, सगळं कानानं कळायचं. आता इंजिन दुसऱ्याच्या घरात चालू असल्यासारखं लांब गेलं. वाईट झालं तर कळेल कसं, याचा घोर लागला. सवयीनं बडबडत होतो, तर माझाच आवाज मला मोठा वाटला. कुणी दुसरं बोलतंय की काय म्हणून एकदा मागं वळून पाहिलं.

कळंबच्या आसपास परत एक सायकलवाला डावीकडून एकदम पुढं आला. म्हातारा माणूस होता. थोडक्यात वाचला. त्यानं घंटी वाजवली असेल, पण आता काचा बंद, रबरं नवी, बाहेरचं ऐकू येत नाही. म्हणजे आधी गाडीच्या आवाजानं ऐकू येत नव्हतं आणि आता गाडी गप्प म्हणून ऐकू येत नाही. याचा विचार केला पाहिजे.

१६ मे

लंकाला घेऊन घोडेगावपर्यंत जाऊन आलो. मशीन लावून बसली. मी तिच्याकडं बघत होतो, ती समोर. डोकं धरलं नाही. शिनोली आली, मशीन कानातच. स्वतःच्या बांगड्या हलवून ऐकत होती.

मी खूश झालो. पण परतताना ती एकदम गप्प झाली आणि माझ्याकडंच बघायला लागली. "काय झालं?" म्हटलं. "काय नाय," म्हणाली. दुखतंय का विचारलं, तर मान हलवली. मशीनमध्ये काही बिघाड नसेल ना?

१९ मे

काल मढला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

सकाळी लवकर निघालो. जुन्नरपर्यंत ठीक. पण लंकाला नवीनच खोड लागली आहे. सगळा रस्ता मला सांगत होती. "डावीकडं टेम्पो हाय." "डावीकडं पोरगं चाललंय." "डावीकडं वासरू बांधलंय बगा." एवढी वर्षं शेजारी बसली, कधी चकार शब्द काढला नाही, आणि आता ऐकू यायला लागल्यावर बोलायलाही लागली. मी म्हटलं, "मला दिसतंय." ती म्हणाली, "बरं." आणि पुढच्या वळणाला परत, "डावीकडं बाई हाय, पाटी घेऊन."

खिंडीच्या अलीकडं एका गावात रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. त्याच वेळी ती पदर नीट करत होती, बोलली नाही. आम्ही पुढं गेलो.

"आरसा गेला," लंका म्हणाली.

"कुठला आरसा?"

"तुमच्या गाडीचा. डावीकडचा. आत्ता वाजला की."

थांबून उतरलो. आरसा मुळापासून तुटून मागं रस्त्यात पडला होता. तिनं ऐकलं. मी ऐकलं नाही, पाहिलंही नाही. ट्रक मात्र चांगला मोठा होता, पिवळा. ट्रकवाला सावलीला बसून भाकरी खात होता. म्हणाला, "म्हातारबा, मी उभा हाय सकाळधरनं." मी आरसा उचलून मागच्या सीटवर ठेवला. गाडी गप्प होती. आवाजाला नावं ठेवायला आवाजच नव्हता.

मढला पोचलो. अंबाबाई फार वाळल्या आहेत. लंका त्यांच्या उशाशी बसली, मशीनचा कान त्यांच्याकडं केला. मी ओट्यावर बसलो. आतून दोघींचं बारीक बोलणं येत होतं, मध्येच हसणं. जेवायला बोलावलं तरी लंका उठली नाही. तिथंच ताट घेतलं, त्यांना एक घास, स्वतःला एक. सून म्हणाली, "आत्या आज जेवल्या."

निघताना अंबाबाईंनी मला जवळ बोलावलं. "लंकीला परत आना. लवकर."

हो म्हणालो. परतीचा रस्ता मी सायकलच्या वेगानं चालवला. ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं होतं, कारण अंधारून आलं की मला जास्तच अवघड जातं. लंका पूर्ण रस्ता सांगत होती, डावीकडं हे, डावीकडं ते. या वेळी मी "मला दिसतंय" म्हणालो नाही.

२० मे

गाडीची चावी खुंटीवर नाही. लंकाला विचारलं तर, "ऐकू नाय आलं," म्हणाली. मशीन कानात होतं.

२२ मे

सकाळी ती म्हणाली, "चला, गाडीत बसू."

"कुठं जायचंय?"

"कुटं न्हाय. घरात पंखा खडखडतो. जानकूचा टीव्ही हिंदीत वरडतो. मला नुस्ता गलबला ऐकू येतो. गाडीत नीट येतं."

आंब्याखाली गाडी उभी आहे. ती आधी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी बघत राहिलो तर म्हणाली, "बसा की तिकडं." माझ्याच गाडीत मी डाव्या सीटवर पहिल्यांदा बसलो. दारं लावली. धप. खरंच काही ऐकू येत नव्हतं, वाडीही नाही, पाखरंही नाहीत. चांगदेवानं काम चांगलं केलंय.

ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली. मग म्हणाली, "तुमी माजं नाव घेता व्हय?"

"मी? कधी?"

"गाडीत. घोडेगावास्नं येताना घेतलं. मढला जाताना बी. एवढी वर्सं घेत असाल, इंजनाखाली."

मी म्हटलं, चुकून आलं असेल तोंडात.

"'लंकीला कसं सांगू,' म्हनत व्हता. 'लंकीला कसं सांगू, डावीकडचं दिसत न्हाई.' दोनदा म्हनला. मी म्हनलं बगू, घरी गेल्यावर सांगत्यात का. सांगितलं न्हाई. म्हनून चावी घेतली." मग माझ्याकडं वळली. "आता सांगा. हितं इंजन बी न्हाई."

मग सांगितलं. डावीकडं कुणीतरी पडदा ओढल्यासारखं असतं. दिवाळीच्या आधीपासून थोडं, मग जास्त. उजवीकडंही आता कडेला तसंच व्हायला लागलंय का, अशी शंका येते. माणूस समोर आला की दिसतो, पण येताना दिसत नाही. मला खरंच वाटत होतं की आवाजानं ध्यान जातं, गाडी शांत झाली की सगळं ठीक होईल. निदान तसं वाटून घेत होतो. तो कळंबचा सायकलवाला रोज झोपताना डोळ्यापुढं येतो. डिंभ्यात गाडी नसली तर हिला मढला कोण नेणार, अंबाबाईंकडं काही कमीजास्त झालं तर, म्हणून बोललो नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "काय?" म्हणाली नाही. मला त्याचीच सवय नाही.

मग म्हणाली, "थेंब टाकता का?"

नाही म्हणालो.

"का?"

"चरचरतात."

ती म्हणाली, "माज्या डोक्यात गिरण फिरत व्हती तरी तुमी मला मशीन लाव म्हनला. माज्यासाठी दारात भात पेरला. आन् तुमाला दोन थेंब झेपंनात?"

बाहेर जानकू येऊन काचेवर टकटक करून काहीतरी विचारत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. लंकानं त्याला हातानं जा म्हणून खुणावलं.

आता मोहिनी, हे तुझ्यासाठी. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून या एका पानाचा फोटो सुनीलकडून काढून तुला पाठवतोय. मागची पानं मागायची नाहीत. पुण्यात डोळ्यांचा चांगला डॉक्टर बघ आणि तारीख घे. सुनील गाडी चालवायला तयार आहे, तुझी आजी आणि मी मागं बसू. मढलाही तोच नेणार आहे, आठवड्यातून जमेल तसं. थेंब मी आज दुपारपासून टाकतोय, जुनी बाटली फेकून दिली, सुनीलनं घोडेगावहून नवीन आणली. चरचरतं. एक गोष्ट डॉक्टरांना आधी विचारून ठेव, गेलेलं परत येतं का. येत नसेल तर मला एकट्याला सांग. नाहीतर राहू दे, दोघांनाही सांग, तिला आता सगळं ऐकू येतं.

चावी तांदळाच्या डब्यात आहे. मला माहीत आहे, मी काढलेली नाही. पण हात फार शिवशिवतो, आणि अंबाबाईंचा पुन्हा निरोप आला आहे, म्हणून सांगतो, तारीख लांबवू नकोस. लवकर कळव.